दोन नमस्कारांचे आजोबा

मित्रांनो, मला केस नाहीत. कधीच नव्हते. नाक आहे ते नावापुरते, आणि डोळ्यांच्या जागी सुताराने दोन उथळ खळगे पाडून हात झटकले. कान करायचे तर तो विसरूनच गेला, तरी मला ऐकू सगळे येते. असे असूनही कोरियातल्या या देगू शहरातली कितीतरी मानमरातबाची माणसे माझ्यापुढे गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून गेली आहेत. तुम्ही म्हणाल, म्हातारा बढाया मारतो आहे. थोड्या मारीनही, पण ही गोष्ट खरी आहे. मी माणसाच्या डोक्याच्या आकाराचा एक जुना लाकडी ठोकळा आहे. माझ्यावर केसांचे टोप विणतात, आणि या दुकानात मला सगळे आजोबा म्हणतात.

मी मुळात एका शाळेच्या आवारातला गिंको वृक्ष होतो. शरद ऋतूत माझी पाने हळदीसारखी पिवळी व्हायची आणि मुले ती वह्यांत ठेवायची. एका वादळात मी उन्मळून पडलो. सोलच्या एका सुताराने माझे तुकडे केले, तासले, घासले, आणि आम्हा सगळ्या भावंडांना एका कारखान्यात पाठवून दिले. त्या काळी आमच्या देशात केसांचे टोप बनायचे आणि जहाजांत भरून दूरदेशी जायचे. लांबलचक टेबलांवर आम्ही ओळीने बसायचो आणि प्रत्येकासमोर खेड्यातून आलेली एकेक मुलगी.

माझ्यासमोर मालसुन बसायची. घरातली शेवटची पोर, म्हणून आईबापांनी ठेवलेले हे नाव. ती टाचण्या ओठांत धरायची, माझ्या टाळूवर बारीक जाळी ताणून बसवायची, आणि आकडीच्या सुईने एकेक केस त्या जाळीत ओवून गाठ मारायची. काम सुरू करताना माझ्या टाळूवर दोन थापट्या मारून म्हणायची, "चल बाबा, नीट बस." माझ्यावर विणलेला टोप कधी वाकडा बसला नाही. तपासणीस फिरत यायचा, तिचे काम बघून मान हलवायचा आणि पुढे जायचा. तेवढे कौतुक आम्हा दोघांना पुरायचे. माझ्या टाळूवर टाचण्यांची जी असंख्य भोके आहेत ती त्या दिवसांतली. मी ती कधी लपवली नाहीत.

पुढे कारखाना बंद पडला. माझी भावंडे हिवाळ्यात शेगडीत गेली. मला मात्र मालसुनने मागून घेतले. फडक्यात गुंडाळून मांडीवर घेऊन ती बसमध्ये बसली. शेजारच्या बाईंना फडक्यातून माझ्या नाकाचा आकार दिसला, तशा त्या उठून पुढच्या बाकावर गेल्या त्या शेवटपर्यंत मागे वळून बघायला तयार नव्हत्या. मालसुन देगूपर्यंत हसत आली.

देगूच्या बाजारात रजयांच्या दुकानावर, वरच्या मजल्यावर, तिने स्वतःचे दुकान थाटले. पहिली वर्षे माझ्याशिवाय तिचे पान हलत नसे. मग प्लास्टिकची डोकी आली. गोरीपान, हलकी, ओठ रंगवलेली! टाचण्या त्यांत लोण्यात शिरल्यासारख्या शिरायच्या. माझा मुक्काम दाराशी गेला. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून मला टेकवून ठेवत. लोक माझ्यावर ओल्या छत्र्या अडकवायचे, आणि मालसुनही कधी कधी हात पुसायचे फडके माझ्या टाळूवर वाळत घालायची. मित्रांनो, मला फार वाईट वाटले. ज्या हातांना माझा प्रत्येक खड्डा पाठ होता, तेच हात मला ओलांडून जात होते. तक्रार करणार कशी? मला तोंड कोरलेले आहे, पण ते मिटलेले.

माझे दिवस पालटले ते एका मुख्याध्यापकांमुळे. त्यांच्या वडिलांचे श्राद्ध होते. आमच्याकडे पूर्वजांपुढे ताटे मांडून मोठा नमस्कार करतात. गुडघे टेकायचे, हात जमिनीवर ठेवायचे आणि कपाळ हातांपर्यंत न्यायचे. जिवंत वडीलधाऱ्यांना असा नमस्कार एकदा करतात, गेलेल्यांना दोनदा. हे आमच्याकडे दूधपित्या पोरालाही ठाऊक असते. तर मुख्याध्यापकांनी सगळ्या भाऊबंदांसमोर पहिला नमस्कार केला, तो निभावला. दुसऱ्याला त्यांचा टोप सुटला आणि थेट नैवेद्याच्या नासपतींवर जाऊन बसला. एका पुतण्याला हसू आवरेना, त्याला बाहेर काढावे लागले.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक टोप पिशवीत घालून दुकानात आले. रागावले असते तर बरे झाले असते. ते नुसते पिशवी ठेवून उभे राहिले. मालसुनने त्या दिवशी जेवण केले नाही. "विंचरून बघते, पंख्यासमोर धरून बघते, पाण्यात बुडवून बघते," ती स्वतःशीच बडबडत होती, "आणि माणूस वाकतो हे माझ्या लक्षात येऊ नये?"

मग तिची नजर माझ्यावर गेली. तिने मला दारातून उचलले, तेलाच्या बोळ्याने पुसले आणि भिंतीशी एका ठेंगण्या मेजावर ठेवले, घरातले वडील बसतात तेवढ्या उंचीवर. त्या दिवसापासून दुकानाचा नियम झाला: टोप घरी न्यायच्या आधी गिऱ्हाइकाने माझ्यापुढे श्राद्धासारखे दोन नमस्कार घालायचे. पहिला हळू, पुढची कड सुटते का ते बघायला. दुसरा झटक्यात, माथा हलतो का ते बघायला. कुणीतरी गमतीने मला आजोबा म्हटले आणि ते नाव चिकटले. आता मी पडलो लाकूड, मला दोन नमस्कारच योग्य, यात मला कमीपणा वाटायचे कारण नव्हते. वाटलाच असेल तर अगदी थोडा.

आता ग्यूमिनची गोष्ट सांगतो. ऐन उन्हाळ्यात एक बाई आपल्या मुलाला कोपराला धरून जिना चढवत घेऊन आल्या. मुलगा उंचापुरा, हातांना पिठाचा वास, डोक्यावर कापडी टोपी.

"टोपी काढ बाळा," मालसुन म्हणाली.

"राहू दे ना मावशी. जरा थंडी वाजतेय."

"माझा पंखा फुल चालू आहे आणि तुला घाम फुटलाय. काढ."

त्याने टोपी काढली. कपाळ मागे सरकत सरकत टाळूला जाऊन भिडले होते. कानांवर तेवढे दाट, काळेभोर केस उरले होते.

"बघा ताई," त्याची आई म्हणाली, "अजून तिशी गाठली नाही. याच्या बापाचं निदान चाळिशीपर्यंत टिकलं होतं."

"बाबांनी लग्नात टोपी घातली होती, आई."

"ती लग्नातली टोपी होती! सगळेच नवरदेव घालतात!"

"पण बाबांनी जेवतानाही काढली नव्हती. फोटो आहे."

"तू गप्प बस. ताई, याचं लग्न ठरतंय. मुलगी गुणाची आहे, सोदाम नाव. पण तिला तिच्या आजीनं वाढवलंय आणि ती आजी आहे आन्दोंगची, जुन्या रीतीभातींच्या गावची. त्यांच्या घरात वाटी कुठल्या बाजूला ठेवायची यावरून भांडणं होतात म्हणे. तिथे हा असा जाणार? आजी म्हणेल, पोरीला म्हातारा बघितलाय."

"मुलीनं बघितलंय का याला टोपीशिवाय?"

"बघितलंय," ग्यूमिन म्हणाला, आणि पहिल्यांदाच हसला. "बेकरीत माझी टोपी पिठात पडली. तिनंच उचलून दिली. म्हणाली, झटकून घाल, पाव विकत घ्यायचेत."

माप घेऊन झाले. आई खाली रजया बघायला गेली. ग्यूमिन मात्र टोपी हातात फिरवत बसून राहिला.

"मावशी, खरं सांगा. घालावा का मी टोप?"

"मी टोप विकते. मला काय विचारतोस?"

"मग कुणाला विचारू?"

"त्या आजोबांना विचार. त्यांनी माझ्यापेक्षा जास्त टोप वापरलेत."

मालसुनने थट्टा केली होती, पण तो खरोखरच उठून माझ्यासमोर येऊन बसला. आणि हळू आवाजात बोलायला लागला.

"आजोबा, टोपी घातली की मी बेकरीवाला ग्यूमिन असतो. टोपी काढली की समोरच्याची नजर वर जाते आणि खाली येतच नाही. बँकेतला माणूससुद्धा माझ्या कपाळाशी बोलतो. मला काही फार नकोय. कुणीतरी माझ्याशी बोलताना माझ्या डोळ्यांत बघावं, एवढंच."

मला बोलता आले असते तर मी म्हणालो असतो, बाळा, मी जन्माचा टकला, आणि माझ्या आयुष्यात त्यामुळे काहीही अडलेले नाही. पण माझे लाकडाचे बरे आहे. मला कुणाच्या घरी मुलगी मागायला जायचे नव्हते. त्याचे दुःख खरे होते आणि मी ते हसण्यावारी नेले नाही.

योगायोग असा की त्याच्या डोक्याचा घेर आणि माझा जवळजवळ सारखा निघाला. मालसुनने रंगीत ओठवालीला बाजूला केले आणि कितीतरी वर्षांनी मला मांडीवर घेतले. टाचण्या ओठांत धरल्या, टाळूवर दोन थापट्या मारल्या. "चल बाबा, नीट बस." मित्रांनो, मी जे नीट बसलो ते टोप पूर्ण होईपर्यंत हललो नाही. आणि काय टोप झाला! भांग असा की बघणाऱ्याला शंका येऊ नये. काही दिवस तो मीच मिरवला. रंगीत ओठवाल्या नुसत्या बघत होत्या.

टोप बघायला सोदाम आली. बुटकी, चष्मेवाली, बोलायला धारदार. तिने ग्यूमिनला टोप घातलेला बघितला, चारी बाजूंनी फिरून बघितला.

"कसा दिसतोय?" त्याने विचारले.

"छान दिसतोयस. टोपीतही छान दिसतोस, बिनटोपीचाही. मला विचारू नकोस, डोकं तुझं आहे."

"पण आजीला आवडेल ना?"

"आजीचं आजीला माहीत. माझं एकच म्हणणं आहे. आजीनं मला वाढवलंय. तिच्याशी मी कधी खोटं बोलले नाही. तुला तिच्याशी खोटं बोलायचं असेल तर मला आधी सांग, म्हणजे मी खोलीबाहेर जाईन."

"टोप घालणं म्हणजे खोटं बोलणं का?"

सोदामने विचार केला. "नाही," ती म्हणाली. "मी पण लिपस्टिक लावते. घालणं वेगळं, बोलणं वेगळं."

आन्दोंगला आजीकडे जायची तारीख ठरली तसा ग्यूमिन कामाला लागला. बेकरी बंद केली की तो रोज संध्याकाळी नमस्काराचा सराव करायला यायचा. आजोबांसाठी म्हणून गोड लाल सारणाचे पाव आणायचा आणि ते मालसुन खायची. "हळू... हळू... कपाळ टेकव... उठ. आता झटक्यात!" असा तिचा पुकारा चालायचा आणि तो माझ्यापुढे एकामागून एक दोन नमस्कार घालायचा. त्याचे डोळे सारखे वर, स्वतःच्याच कपाळाकडे लागलेले असत. रोज टोप जागच्या जागी राहायचा आणि मालसुन टाळ्या वाजवायची. एक घालून दुसरा घातला नाही असे कधी झालेच नाही. तिथेच पाणी मुरत होते, पण ते आमच्यापैकी कुणाच्याही ध्यानात आले नाही.

तो आन्दोंगहून परतला त्याच्या दुसऱ्या दिवशी सोदाम, ग्यूमिन आणि त्याची आई असे तिघेही दुकानात आले. ग्यूमिनच्या डोक्यावर टोप होता आणि चेहऱ्यावर रंग नव्हता.

"सुटला का?" मालसुनच्या हातातली सुई खाली पडली.

"टोप जाग्यावर होता, मावशी. केसभरही हलला नाही," सोदाम म्हणाली. "यानं आजीला दोनदा नमस्कार केला."

मालसुनने दोन्ही हात तोंडावर घेतले. तुमच्या लक्षात आलेच असेल. धडधाकट बसलेल्या आजीला याने सगळ्या घरासमोर मेलेल्या माणसाचा नमस्कार घातला होता.

"पहिला झाला, तेव्हा आजी खूश होती," सोदाम सांगू लागली. "बोलायला तोंड उघडलं तिनं. तेवढ्यात हा परत उठला आणि धाडकन दुसरा! माझ्या बाबांच्या हातातली पेला भरायची किटली तशीच वाकडी राहिली. आजीनं विचारलं, मी कधी गेले रे? मला कुणी सांगितलं नाही."

"मग?"

"मग हा म्हणाला, चुकलो आजी, सवय झालीय, रोज एका आजोबांना दोन करतो."

"अरे देवा!"

"तर आजीचा रागच पळाला. म्हणाली, हल्लीची पोरं वर्षातून एकदा कबरीवर जायला कुरकुरतात आणि हा गेलेल्या आजोबांना रोज नमस्कार करतो? कोण ते आजोबा? मला त्यांना बघायचंय. गुरुवारी ती देगूला येतेय. खास त्या आजोबांच्या पाया पडायला."

 खाली रजयावाला गिऱ्हाइकाशी घासाघीस करत होता तेवढाच आवाज.

"सोपं आहे," ग्यूमिनची आई अचानक म्हणाली. "माझ्या मामांची कबर टेकडीवर आहे. गवत काढून स्वच्छ करू. तिथेच घेऊन जाऊ आजीला. मामा काही बोलणार आहेत का?"

"मामांना कधी मी बघितलंसुद्धा नाही, आई."

"मग आता बघ! लग्न मोडायचंय का तुला? बाकी बेत जमला की सगळं नीट होईल."

ग्यूमिन टोपाची पुढची कड चाचपत होता. मी त्याच्याकडे बघत होतो. तो हो म्हणणार असे मला वाटले आणि माझ्या लाकडात कळ उठली. तेवढ्यात सोदाम उठली, पिशवी खांद्याला लावली आणि दाराकडे चालू लागली.

"कुठे चाललीस?" त्याची आई म्हणाली.

पण ग्यूमिनला कळले होते. तो उभा राहिला. "थांब सोदाम. बाहेर जाऊ नकोस. मी आजींना इथे आणतो."

गुरुवारी आजी आल्या. जिना चढताना त्या प्रत्येक पायरीला काठीने दटावत होत्या. पांढऱ्या केसांचा छोटा अंबाडा, राखाडी घोळदार पोशाख, आणि नजर अशी की रंगीत ओठवाल्याही अंग चोरून बसल्या. मालसुनने आसन दिले. त्या बसल्या नाहीत.

"हे तर दुकान आहे," त्या म्हणाल्या. "आजोबा कुठे आहेत?"

"हे, आजी," ग्यूमिन म्हणाला आणि त्याने माझ्याकडे हात केला.

आजी माझ्याजवळ आल्या. वाकून बघितले. मग काठीच्या टोकाने माझ्या टाळूवर वाजवले. टक टक.

"हे लाकूड आहे."

"हो, आजी."

त्याने दोन्ही हात वर नेले. टोप चिकटपट्टीने घट्ट बसला होता, म्हणून मालसुन मदतीला पुढे झाली. "नको मावशी," तो म्हणाला, "मीच काढतो." पुढची कड सोडवली, मग बाजूच्या, मग माथा. टोप त्याने माझ्या डोक्यावर ठेवला. आता दुकानात टकला एकच होता, आणि मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदाच तो मी नव्हतो. पण मला मुळीच आनंद झाला नाही.

"हा टोप घालून वाकायचा सराव मी यांच्यापुढे करत होतो," ग्यूमिन म्हणाला. "सराव दोन नमस्कारांचाच असतो. तुमच्यापुढे वाकलो तेव्हा मला भान राहिलं नाही. आजोबा गेलेले नाहीत. ते कुणीच नाहीत, आजी. मला तुमची भीती वाटत होती."

आजींनी त्याच्या डोक्याकडे बघितले नाही. त्या त्याच्या तोंडाकडे बघत होत्या.

"म्हणजे त्या दिवशी तू मला नमस्कार केलाच नाहीस," त्या म्हणाल्या. "तू टोपाची परीक्षा घेतलीस. मी आपली समोर बसले होते."

ग्यूमिनने मान खाली घातली.

"वर बघ. माझ्या डोळ्याखाली तीळ आहे. त्या दिवशी बघितला असशील ना? कुठल्या डोळ्याखाली? आता चेहरा झाकलाय मी, सांग." त्याने मान वर करायच्या आधीच आजींनी तळहाताने डोळ्यांखालचा चेहरा झाकला होता.

"उजव्या?" तो चाचरत म्हणाला.

आजींनी हात काढला. तीळ कुठेच नव्हता.

सोदामला हसू फुटले आणि तिने ते ओठांत दाबले. मला मात्र हसू आले नाही. लोकांनी आपल्या डोळ्यांत बघावे म्हणून जो माझ्याजवळ तळमळला होता, त्याने त्या म्हातारीचा चेहरासुद्धा बघितला नव्हता. हे त्यालाही तिथेच कळले. त्याचे कानच नव्हे, सगळे टक्कल लाल झाले.

"चुकलो, आजी," तो म्हणाला. या वेळी ते शब्द पोटातून आले होते.

आजी माझ्याशेजारी येऊन जमिनीवर बसल्या. पोशाखाचा घोळ नीट केला, काठी माझ्या मेजाला टेकवली. "कर," त्या म्हणाल्या. "एकच. आणि वाकायच्या आधी मला नीट बघून घे."

त्याने बघितले. चांगले सावकाश बघितले. मग गुडघे टेकले, हात ठेवले आणि उघडे डोके आजींसमोर खाली नेले. मी आयुष्यभर नमस्कार बघत आलो. इतका सरळ नमस्कार माझ्या दुकानात झाला नव्हता. तो उठायच्या आधीच आजींनी त्याच्या टाळूवर हात ठेवला.

"छान गोल आहे. सोदामच्या आजोबांचं डोकं मागून चपटं होतं. बिचाऱ्यांना जन्मात कुठली हॅट बसली नाही."

मग सगळेच हसले. ग्यूमिनची आई तर हसता हसता रडायला लागली.

"आजी," ग्यूमिनने विचारले, "मग लग्नात टोप घालू की नको?"

"मला काय विचारतोस? घालून माणसांकडे बघता येत असेल तर घाल. न घालता बघता येत असेल तर नको घालू. ते मी कसं सांगू?" असे म्हणून त्यांनी माझ्या डोक्यावरचा टोप उचलला, आरशासमोर गेल्या आणि आपल्या विरळ झालेल्या भांगावर तो धरून मान इकडेतिकडे वळवली. "काय गं," त्या मालसुनला म्हणाल्या, "पोरांनाच करतेस की बाईमाणसांनाही? इथे वर थोडं भरलेलं दिसलं पाहिजे. नातीचं लग्न आहे."

"आजी!" सोदाम ओरडली.

"काय आजी? मी कुणाला घाबरून घालणार नाहीये. मला हौस आहे म्हणून घालणार आहे."

आजींचा पांढरा टोप मालसुनने माझ्यावरच विणला. घरी नेण्याआधी नियमाप्रमाणे नमस्कार घालावा लागेल असे ती भीत भीत म्हणाली. आजी म्हणाल्या, या वयात आता मी कुणापुढे वाकत नाही, आणि नियम तिथल्या तिथे मोडला.

लग्नाला मला कुणी नेले नाही. लाकडाला आमंत्रण देत नाहीत. पण फोटो भिंतीवर आहे, मला बसल्या जागेवरून दिसतो. मधोमध ग्यूमिन, उघड्या डोक्याचा, सरळ बघणारा. शेजारी सोदाम. आणि पुढे खुर्चीत आजी, दाट पांढऱ्या केसांच्या, फोटोतल्या सगळ्यांत ऐटदार. ग्यूमिनचा टोपही वाया गेला नाही. कधी समुद्रावर जाताना, कधी नुसतीच लहर आली म्हणून तो घालतो. एखादे गिऱ्हाईक गोंधळून विचारते, अहो, काल तर तुम्हाला... तो म्हणतो, हो, काल नव्हते, पाव कुठला देऊ?

लग्नाच्या सहलीहून आल्यावर दोघे पाव घेऊन दुकानात आले. मालसुनने त्यांना माझ्यासमोर उभे केले. "आजोबांना नमस्कार करा आधी."

ग्यूमिन डोक्याला काहीही न लावता आला होता. तो माझ्यासमोर उभा राहिला आणि माझ्या डोळ्यांच्या खळग्यांत त्याने बघितले. तिथे बघण्यासारखे काही नाही, सुताराने ते काम अर्धवट सोडले होते. तरी त्याने बघितले. मग गुडघे टेकून, कपाळ टेकून नमस्कार केला, उठला आणि बाजूला झाला.

"अरे, दुसरा?" मालसुन म्हणाली. "आजोबांना दोन असतात."

"दुसरा कशाला, मावशी?" तो म्हणाला. "समोर बसलेत ना आजोबा."

मित्रांनो, तुमच्या डोक्यावर दाट केस असोत, विरळ असोत किंवा विकत घेतलेले असोत, त्यांना जपा. ते तुमचे आहेत आणि त्यांची लाज बाळगू नका. पण ज्याच्यापुढे वाकाल त्याच्या तोंडाकडे आधी बघून घ्या. आणि तुमच्या घरात दाराला टेकवून ठेवलेले, छत्र्या अडकवायला ठेवलेले जुने कुणी असेल, तर त्यालाही कधी उचलून पुसा आणि एखादा नमस्कार करा. मात्र एकच करा. आम्ही अजून इथेच आहोत.